सात वाजता हॉर्न वाजतो

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या बसस्थानकावरची चाळीस सेकंदांची एक चित्रफीत फोनाफोनी फिरली. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा फलाटावर बसकण मारून बसलाय, उठायला तयार नाही, तोंडाने एकच आवाज काढतोय, आणि त्याची आई त्याच्या पाठीत दोन धपाटे घालतेय. पुढचे आठ दिवस चहाच्या टपरीपासून शाळेच्या शिक्षकखोलीपर्यंत मी तीनच प्रकारची मतं ऐकली. पहिलं, ‘असल्या बाईला आत टाका.’ दुसरं, ‘अशी मुलं सांभाळणाऱ्या आया देवमाणसं असतात, त्यांना बोलायचा अधिकार कुणाला नाही.’ तिसरं जरा शिकल्यासवरलेल्यांचं, ‘पालकत्वाची शैली चुकीची आहे, समुपदेशन करायला हवं.’ या तिन्ही बाजूंची आपसांत कडाक्याची भांडणं झाली. पण सगळ्यांची नजर एकाच ठिकाणी खिळलेली होती, त्या बाईच्या हातावर. ती पहाटे किती वाजता उठली होती, कोणत्या गावाहून निघाली होती, कितव्यांदा त्याच कागदासाठी हेलपाटा घालत होती, तिच्यासोबत घरातलं दुसरं माणूस का नव्हतं, हे विचारणारं मला कुणी भेटलं नाही.

माझं म्हणणं आधीच सांगते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आपण कसं वाढवतो याला फार महत्त्व आहे. मुलाच्या मनावर त्याचा परिणाम होतो, आईबापाच्या मनावरही होतो. पण वाढवण्याची ही रीत आईच्या स्वभावातून जेवढी येते, त्याहून कितीतरी जास्त तिच्या सवडीतून येते. रात्रीची झोप, हातातला पैसा, घरातले मदतीचे हात, दवाखान्याचं अंतर आणि शेजाऱ्यांची नजर, या सगळ्याची बेरीज होऊन जे उरतं त्याला आपण ‘शैली’ म्हणतो. तेव्हा ‘तू कसली आई आहेस’ असं तिला विचारून काही हाती लागत नाही. ‘तुला दिवसात किती वेळ मोकळा मिळतो’ हे विचारलं पाहिजे, आणि त्याचं उत्तर एकट्या तिच्या घरात सापडणार नाही.

हे मी बाहेर उभी राहून लिहीत नाही. माझा धाकटा भाऊ आज चौतीस वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा बराच वेळ रडला नाही, अंग निळं पडलं होतं, असं माय सांगते. बाळाला जन्मताना प्राणवायू कमी पडला की मेंदूला इजा होऊ शकते, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. पण आमच्या घरात तोवर कारण ठरून गेलेलं होतं. पोटुशी असताना मायने ग्रहणात विळीवर बसून भाजी चिरली, असं आजी म्हणायची. ती वाईट नव्हती. तिनेच भावाला पाठीवर घेऊन उभं राहायला शिकवलं. तरीही दर ग्रहणाला ती ते बोलायची, आणि दर ग्रहणाला माय स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत बसायची.

आज विळीचं कारण कुणी सांगत नाही. आज सांगतात, ‘मोबाइल दिलात म्हणून’, ‘फार लाड केलेत म्हणून’, ‘तुम्ही नोकरी करता म्हणून’. आरोप नवे आले, पण पिंजऱ्यात उभी तीच आई आहे. आणि हे फक्त अडाणीपणातून होतं असं कुणी समजू नये. विसाव्या शतकातल्या मोठमोठ्या तज्ज्ञांनी हेच केलंय. लिओ कॅनर यांनी 1943 साली स्वमग्नतेचं (ऑटिझमचं) पहिलं नेमकं वर्णन केलं, आणि पुढे काही वर्षांतच अशा मुलांचे आईबाप भावनाशून्य असतात, मुलं जणू फ्रिजमध्ये ठेवल्यासारखी वाढतात, असं लिहिलं. ब्रुनो बेटेलहाइम यांनी 1967 मध्ये हा दोष आणखी घट्ट करून आयांच्या माथी मारला. स्किझोफ्रेनियाबद्दलही तेच झालं. 1948 मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमन यांनी हा आजार निर्माण करणारी आई अशी एक कल्पना मांडली आणि ती काही दशकं चालली. स्वमग्नता आणि बौद्धिक अक्षमता या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक आहे. मला दाखवायची आहे ती सवय. कारण कळलं नाही की आईकडे बोट दाखवायचं. बर्नार्ड रिमलँड हे मानसशास्त्रज्ञ होते आणि स्वमग्न मुलाचे वडीलही. 1964 मध्ये त्यांनी हा विचार पुराव्यानिशी खोडला, आणि 1969 साली खुद्द कॅनर यांनी पालकांच्या मेळाव्यात आईबापांना या आरोपातून मोकळं केल्याचं जाहीरपणे सांगितलं. तोवर किती आयांची आयुष्यं अपराधीपणात गेली असतील? बौद्धिक अक्षमतेचं एक कारण असलेल्या डाउन सिंड्रोमचं वर्णन 1866 सालचं. ते एकविसाव्या गुणसूत्राच्या एका जास्तीच्या प्रतीमुळे होतं, हे सापडलं 1959 मध्ये. मधली त्र्याण्णव वर्षं लोकांनी कारण म्हणून काय काय सांगितलं असेल, याचा अंदाज करायला फार लांब जायला नको.

आता ‘शैली’ या शब्दाकडे येते. 1960च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ डायना बॉमरिंड यांनी बर्कलीच्या बालवाडीत जाणारी मुलं आणि त्यांचे आईबाप यांचा अभ्यास करून तीन प्रकार मांडले. एक धाक दाखवणारे, एक सगळं चालवून घेणारे, आणि एक ठाम असूनही मायेने वागणारे. 1983 मध्ये मॅकोबी आणि मार्टिन यांनी त्यात दुर्लक्ष करणाऱ्यांचा चौथा प्रकार मिळवला. मांडणी उपयोगाची आहे. ठामपणा आणि माया एकत्र असली की मुलाचं भलं होतं, हे आपल्याकडच्या कुठल्याही शहाण्या आजीलाही पटेल. पण बॉमरिंड यांच्यासमोरची कुटुंबं बहुतांशी मध्यमवर्गीय होती, आणि त्यांची मुलं सर्वसाधारण वेगाने वाढणारी होती. तोच चौकोनी तक्ता जसाच्या तसा उचलून आमच्या खानदेशातल्या अमळनेर-पारोळ्याच्या खेड्यातल्या, रात्री तीनदा उठावं लागणाऱ्या आईच्या डोक्यावर ठेवायचा आणि ‘तुम्ही पहिल्या प्रकारात मोडता’ म्हणायचं, याला मार्गदर्शन कसं म्हणावं?

एक प्रसंग सांगते. अमळनेर तालुक्यातल्या एका घरी मी नोव्हेंबरात गेले होते, सकाळी साडेसहाला. अकरा वर्षांचा मुलगा, घरात त्याला सोन्या म्हणतात. आई कापूस वेचायला जाते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणजे शेतात जितकं लवकर पोचावं तितका पैसा. विशेष शिक्षिकेने तिला बजावलं होतं, ‘शर्टाची बटणं त्याची त्याला लावू द्या.’ ती लावू देत होती. सोन्या ओसरीवर उभा होता, जीभ ओठांत धरून, दोन्ही हातांनी पहिलं बटण काजातून ढकलत होता. बटण आत जायचं आणि दुसऱ्या हाताची पकड सुटली की परत बाहेर यायचं. मी घड्याळ बघत होते. चार मिनिटांनी ते लागलं आणि त्याने आईकडे बघून टाळी वाजवली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मजुरांना नेणाऱ्या टेम्पोचा, ‘छोट्या हत्ती’चा, हॉर्न वाजला. सात वाजले होते. तिने पुढे होऊन उरलेली चार बटणं दहा सेकंदांत लावली, सोन्याने हात झटकले, ओरडला, तिच्या दंडाला चावला. तिने त्याला एक चापट मारली, डबा उचलला आणि सासूला हाक मारत निघाली. जाता जाता मला म्हणाली, “लावू देसू वं ताई, पन गाडी थांबस का?”

आता त्या चार बटणांची आणि त्या एका चापटीची शैली कोणती? बटणं लावली म्हणून तिला लाडावणारी म्हणायचं? चापट मारली म्हणून धाकाची? एका मिनिटात ती दोन्ही झाली. मार्चमध्ये मी पुन्हा गेले. कापूस संपला होता, हॉर्न वाजत नव्हता. शिक्षिकेने तिला उलट्या क्रमाची युक्ती दाखवली होती. वरची चार आपण लावायची आणि फक्त शेवटचं त्याच्यासाठी ठेवायचं, म्हणजे प्रत्येक वेळी काम पूर्ण केल्याचा आनंद त्याच्या वाट्याला येतो. ते जमलं की शेवटची दोन, मग तीन. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, सोन्या तीन बटणं लावत होता, आणि त्याची आई शेजारी बसून बट्ट्यांचं पीठ मळत, हात न लावता, नुसती ‘हां, हां’ म्हणत होती. पाच-सहा महिन्यांत तिचा स्वभाव बदलला असं कुणी म्हणेल का?

यात एक बारकाईची गोष्ट आहे, ती फारशी बोलली जात नाही. बौद्धिक अक्षमतेचं मूल्यमापन करताना नुसता बुद्ध्यांक मोजत नाहीत. मूल रोजच्या जगण्यात काय काय करतं, हेही विचारतात. त्यासाठी व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापन वापरतात. स्वतः जेवतो का, कपडे घालतो का, बटणं लावतो का, असे प्रश्न आईला विचारून गुण देतात. म्हणजे ज्या मुलाला वेळेअभावी कधी बटणाला हातच लावू दिला नाही, तो मुळात जितका मागे आहे त्याहून मागे दिसतो. मग ‘हा काही करू शकत नाही’ यावर शिक्का बसतो, आणि शिक्का बसला की घरातले आणखीच त्याचं सगळं हाताने करायला लागतात.

विरोधी बाजूचे मुद्दे कच्चे आहेत असं मी म्हणणार नाही. पहिला आणि सगळ्यात वजनदार मुद्दा असा, की मारझोड आणि सततचा धाक मुलाचं नुकसान करतो, मग त्यामागचं कारण काहीही असो. हे खरं आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांमध्ये उदासी, चिंता, आक्रमकता हे त्रास इतर मुलांपेक्षा जास्त आढळतात. त्यात मारामुळे भर पडते, आणि हे मूल आपलं दुःख शब्दांत सांगू शकत नाही. ‘आई दमलेली होती’ हे कळल्याने पाठीवरचा वळ कमी होत नाही. दुसरा मुद्दा, त्याच गावात, त्याच गरिबीत, तितकीच मुलं असलेल्या काही आया कधी हात उगारत नाहीत, त्याचं काय? तिसरा, सगळं परिस्थितीवर ढकललं तर आईबापाला सुधारायला जागाच उरत नाही, आणि सरकार काही करेपर्यंत मूल म्हातारं होईल.

पहिल्या मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, आणि म्हणूनच त्याच्या पुढे जायला हवं. मार थांबायला हवा, मग तो थांबतो कशाने? 1968 मध्ये मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बेल यांनी एक साधी गोष्ट लक्षात आणून दिली होती. आईबापाच्या वागण्याने मूल घडतं असं आपण धरून चालतो, पण मुलाच्या वागण्यानेही आईबाप घडत असतात. पुढे विकासात मागे असलेल्या मुलांच्या घरांचे वर्षानुवर्षं जे अभ्यास झाले, त्यांत ही दुहेरी वाहतूक स्पष्ट दिसली. मुलाचं ओरडणं, चावणं, रात्रभर जागणं यांनी आईचा ताण वाढतो, आणि आईचा ताण वाढला की मुलाचं तेच वागणं आणखी वाढतं. आईला सर्वांत जास्त पोखरतं ते मुलाचं अवघड वागणं, अक्षमतेची टक्केवारी त्यामानाने कमी, हेही त्यातून पुढे आलं. हे रहाटगाडगं आहे. ते कुठूनही थांबवता येतं, पण ज्या टोकाला सगळ्यात कमी ताकद उरली आहे तिथेच ‘तू थांबव’ म्हणून ओरडत राहणं ही सर्वांत कमी चालणारी वाट आहे. आईला रात्री सलग सहा तास झोप मिळाली, मुलाच्या झोपेवर आणि झटक्यांवर नीट उपचार झाले, दुपारचे तीन तास ते कुणा शिकलेल्या माणसाच्या हाती राहिलं, की निम्मे धपाटे आपोआप गळतात. हे मी आमच्या घरात पाहिलंय. भावाला रात्रीचे झटके यायचे तोपर्यंत माय त्याच्यावर आणि आमच्यावरही सारखी खेकसायची. औषध नीट बसलं आणि महिन्याभरात घरातला आवाज खाली आला.

दुसऱ्या मुद्द्याबद्दल. ज्या आया हात उगारत नाहीत त्यांच्या घरी जाऊन बघा. मला बहुतेक ठिकाणी एक दुसरं माणूस दिसलं. दारू न पिणारा, संध्याकाळी पोराला सायकलवर पुढे बसवून फिरवून आणणारा नवरा, नाहीतर धीराची नणंद, किंवा समोरच्या घरातली एखादी म्हातारी. सगळ्याच ठिकाणी असतं असं म्हणणार नाही. काही बायका एकट्यानेही अपार धीराने करतात. पण त्या अपवादात्मक धीरावर धोरण आखता येत नाही. विहिरीवरून चार घागरी डोक्यावर आणणारी एखादी बाई असते, म्हणून गावाला नळ नको असं आपण म्हणतो का?

इथे कुणी म्हणेल, आपल्याकडे एकत्र कुटुंबं आहेत, हात भरपूर आहेत. असतात, आणि त्यांचा आधारही मोठा आहे. पण जितके हात तितकी तऱ्हा. आईने ठरवलं की जमिनीवर लोळून मागितलं तर द्यायचं नाही, की आजोबा मागच्या दाराने पेढा देतात. काका एक ठेवून देतात. मोठी जाऊ म्हणते, ‘राहू द्या, त्याला कुठे कळतं.’ मूल गोंधळतं आणि दोष येतो पुन्हा आईच्या वाट्याला. शिवाय ही कुटुंबं आता किती उरलीत? खानदेशातून सुरतेला, पुण्याला, नाशिकला गेलेली घरं मोजा. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं उसाच्या तोडीला गुजरातेत जातात, चाळीसगावच्या तांड्यांवरची पश्चिम महाराष्ट्रात. सहा महिने पाचटाच्या खोपीत. त्या सहा महिन्यांत मुलाची थेरपी कुठे, औषध कुठे, शिक्षिका कुठे? पावरी किंवा भिली बोलणाऱ्या आईला प्रमाण मराठीत छापलेलं ‘सकारात्मक पालकत्व’ हे पत्रक देऊन आपण कोणाचं समाधान करतो?

सवडीचा मुद्दा पैशाशी जोडला तर बागायतदारांच्या घरी सगळं आलबेल असायला हवं, अशीही शंका येईल. तसं नाही, हे मला मान्य करावंच लागेल. रावेर-यावलकडे केळीच्या मोठ्या बागा असलेल्या घरात मी वीस वर्षांचा मुलगा पाहिलाय, ज्याला अजून आई हाताने भरवते. तिथे गाडीचा हॉर्न नाही. तिथे लाज आहे, आणि लाजही बाहेरूनच येते. मी स्वतः त्या लाजेचा फायदा घेतलाय. मला बघायला पाहुणे आले त्या दिवशी भावाला मागच्या खोलीत, कडी लावून, रेडिओ देऊन बसवलं होतं. त्याला रेडिओ आवडतो. मधेच त्याने दार वाजवायला सुरुवात केली आणि माय पाहुण्यांसमोर म्हणाली, ‘शेजारचं पोर आहे.’ मी मान खाली घालून पोह्यांची ताटली पुढे केली. सोयरीक जुळली. त्या रात्री माय जेवली नाही. तक्त्यात बसवायचं तर तो दिवस ‘दुर्लक्ष’ या खान्यात जाईल. पण ज्या पाहुण्यांनी ‘घरात असं कुणी आहे का’ म्हणून आधी चौकशी केली होती, आणि ज्या समाजात बहिणीचं लग्न भावाच्या बुद्ध्यांकावर अडतं, ते कुठल्या खान्यात जातील?

2011च्या जनगणनेत देशात बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्ती सुमारे 15 लाख नोंदल्या गेल्या. दारात आलेल्या गणकाला ‘आमच्याकडे नाही’ म्हणणारी घरं मला माहीत आहेत, त्यामुळे हा आकडा मी पुरा मानत नाही.

आता ‘देवमाणसं’ म्हणणाऱ्यांकडे वळते. त्यांचा हेतू चांगला असतो, त्यांच्यावर मला राग नाही. पण त्यांच्या या स्तुतीने आईचं तोंड बंद होतं. एकदा तुला देवी म्हटलं की तू दमलेय म्हणायचं नाहीस, वैतागलेय म्हणायचं नाहीस, ‘आज मला हे पोर नको वाटतंय’ असं तर मनातही आणायचं नाहीस. ‘देवाने विशेष आईबाप निवडले’ हे वाक्य ज्या आईने ऐकलंय, ती डॉक्टरांसमोर आपली झोप उडाल्याचं, रडू थांबत नसल्याचं कशी सांगेल? कानबाईच्या रोटांच्या सणाला सगळं भाऊबंद जमलेलं असताना मायला एका चुलत सासूने म्हटलं, ‘तुझं पुण्य मोठं.’ माय हसली. ती तेव्हा वर्षभर छातीत धडधडतंय म्हणून हृदयाचे कागद काढत फिरत होती, आणि हृदय ठणठणीत होतं. चिंतेचा आजार असं नाव त्याला मिळायला आणखी दोन वर्षं गेली. या सगळ्या काळात भावाला घेऊन ती दर महिन्याला दवाखान्यात जात होती. तिथे भावाचं वजन घेतलं जायचं. तिला कुणी विचारलं नाही, ‘आणि तुम्ही कशा आहात?’

मुलाच्या बाबतीतही हेच होतं. आधीच अक्षम ठरलेला मुलगा गप्प झाला, जेवेना, पूर्वी जमायचं तेही करेना, तर ‘त्याचं तसंच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. उदासी, दातदुखी, छळ, काहीही त्या एका शिक्क्याखाली झाकलं जातं. बौद्धिक अक्षमता हा मानसिक आजार नाही. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या व्याख्येतून ती स्पष्टपणे वगळलीय. पण बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला मानसिक आजारही होऊ शकतो, हे डॉक्टरांपासून आमच्यापर्यंत सगळे विसरतात. आता 14416 या क्रमांकावर टेलि-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी मोफत फोनसेवा आहे, मराठीत बोलता येतं. आयांनी तिथे जरूर फोन करावा. पण फोन करायला दहा मिनिटं पोराला धरणारं कुणी लागतं.

तिसरा आक्षेप राहिला, की परिस्थितीकडे बोट दाखवलं तर कुणीच काही करणार नाही. मला उलट वाटतं. स्वभाव कुणाला बदलता येत नाही, सवड मात्र देता येते, आणि ती द्यायचं कायद्याने कबूल केलेलं आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात, ज्यांना जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहू भत्त्याचा उल्लेख आहे, कलम 24 मध्ये. त्याच कलमात ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असे शब्दही आहेत, आणि गाडी तिथेच अडते. 1999च्या कायद्याने आलेल्या राष्ट्रीय न्यासाने पालकांना विसावा मिळावा म्हणून मूल काही दिवस ठेवून घेण्याची ‘समर्थ’ योजना आखली, दिवसभराच्या केंद्रासाठी ‘विकास’, मोठ्यांच्या कायम निवासासाठी ‘घरौंदा’, आरोग्य विम्यासाठी ‘निरामय’. नावं सुंदर आहेत. तुमच्या तालुक्यात यांपैकी काय आहे, विचारून बघा. अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर आईबाप आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला घ्यावा लागतो, हे मायला बँकेच्या खिडकीवर कळलं, भावाचं खातं उघडताना. घरी येऊन ती पहिल्यांदा ते बोलली, जे पुढे रोज बोलायला लागली. “मी गऊ ते याले कोन देखी?” मी गेले तर याला कोण बघणार? ज्या आईच्या डोक्यात दिवसरात्र हा एकच प्रश्न फिरतो, तिला समुपदेशक सांगतो की संयम ठेवा.

मग मोठ्या योजना येईपर्यंत गावाने काय करायचं? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. आमच्या गावात तो मार्चअखेरीस जागा होतो आणि नावांच्या यादीवर थोडा थोडा वाटला जातो. वाटू नये असं मी म्हणत नाही, ज्याला मिळतात त्याला ते पैसे लागतातच. पण शेजारच्या तीन गावांनी त्यातला काही भाग एकत्र केला, तर विशेष शिक्षणाची पदविका घेऊन घरी बसलेली एक मुलगी दुपारच्या तीन तासांसाठी मानधनावर ठेवता येते. आमच्या तालुक्यात अशा मुली आहेत. एका गावात अशी मुलं दोन-चारच असतात, त्यांच्यासाठी एवढं कशाला, हा प्रश्न मला सरपंचांनी विचारला होता. तीन गावांची मिळून दहा-बारा होतात. दहा-बारा मुलांमागे दहा-बारा आया. रोजचे तीन तास. त्यात त्या झोपतील, वेचणीला जातील, स्वतःचं रक्त तपासून येतील, नाहीतर नुसत्या पारावर बसतील. आपण विचारायचं नाही. आणि सुट्टीच्या दिवशी त्याच मुलीने घरी जाऊन बटणाची, घासाची, संडासाची युक्ती दाखवली तर ‘ठाम पण मायेची शैली’ शिकवायला वेगळं व्याख्यान लागणार नाही.

जागेचीही अडचण येऊ नये. आमच्या अंगणवाडीची खोली पक्की आहे, फरशी आहे, पाणी आहे, मागे संडास आहे. मुलं दुपारी घरी गेली की तिला दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुलूप असतं. किल्ली मदतनीस ताईंच्या घरी खुंटीला टांगलेली असते, मायच्या घरापासून दोन घरं सोडून.